मैदान कुणाचं, उतारा कुणाचा?

या वेळच्या टपालात फुटबॉल मैदानावरची पत्रं इतकी आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं थोडक्यात छापली असून क्लबांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचा क्लब चाळीस वर्षं एकाच मोकळ्या जागेवर खेळतो. तिथे गॅलरीसह छोटं स्टेडियम व्हावं म्हणून महापालिका, बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण), जिल्हाधिकारी, आमदार, खासदार, सगळीकडे अर्ज झाले. साहेब येतात, बघतात, चहा पितात, जातात. फाईल काही हलत नाही. आता काय करावं? (अनगोळ)

उत्तर : पाच दारं ठोठावलीत, पण जागा कुणाची हे पत्रात कुठेच नाही. तुमच्या अर्जांतही नसेल तर फाईल फिरते ती याचमुळे. मालक नसलेलं खातं अर्ज 'पुढील कार्यवाहीस्तव' दुसरीकडे ढकलतं, आणि त्यात कुणाची चूकही निघत नाही.

पहिलं काम कागद काढण्याचं. शहरहद्दीत सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) नंबरावर प्रॉपर्टी कार्ड मिळतं, हद्दीबाहेर सर्व्हे नंबरावर उतारा, म्हणजे आर.टी.सी. उताऱ्यात रकाना ९ मध्ये मालक आणि रकाना ११ मध्ये बोजा व इतर हक्क पाहा. क्षेत्र लिहून घ्या आणि टेप घेऊन जागेवर जा. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. कागदावर तीन एकर आणि जागेवर अडीच, हे बेळगावच्या भोवताली नेहमीचं आहे. उरलेला अर्धा एकर कुणाच्या तरी परसात गेलेला असतो. म्हणून सरकारी मोजणीची फी भरून हद्दीचे दगड बसवून घ्या, मग स्टेडियमचा नकाशा काढा. उलट्या क्रमाने केलं तर आर्किटेक्टची फी दोनदा जाते.

मालक कोण त्यावर पुढचा रस्ता ठरतो. जागा महापालिकेची असेल तर सभागृहाचा ठराव लागतो आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याला वरून सरकारची मंजुरी. कॅन्टोन्मेंटमधली बहुतेक जमीन संरक्षण खात्याची आहे, तिथे राज्याचा मंत्रीसुद्धा शब्द देऊ शकत नाही. कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि डिफेन्स इस्टेट्सच्या कार्यालयातूनच जावं लागतं. गावाकडची जागा बहुधा गायरान निघते. कर्नाटकात गावच्या दर शंभर जनावरांमागे १२ हेक्टर चराई राखण्याचा नियम आहे, आणि सार्वजनिक जमिनी खासगी हातात देण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग निकालात कडक शब्द वापरले आहेत. तेव्हा गायरान 'क्लबाला द्या' असा अर्ज करू नका. 'ग्रामपंचायतीचं क्रीडांगण म्हणून राखून ठेवा' असा करा. मालकी सरकारकडे राहते आणि खेळ तुमचा राहतो. शेतकऱ्याची खासगी जमीन घेत असाल तर तुकडा पाडायला ११-ई नकाशा आणि बिनशेतीसाठी जमीन महसूल कायद्याचं कलम ९५, एवढे दोन शब्द लक्षात ठेवा.

चाळीस वर्षं खेळलो म्हणून जागा आपली होत नाही. वहिवाटीचा हा भ्रम अनेक जुन्या क्लबांना आहे. मात्र चाळीस वर्षांचा वापर दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडतो. कर्नाटकात १९८५ पासून उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा राखण्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली अशा जागांची यादी करायची असते. तुमची जागा त्या यादीत आहे का, आणि बुडाच्या मास्टर प्लॅनमध्ये तिच्यावर कोणता वापर दाखवला आहे, हे दोन प्रश्न माहिती अधिकारात विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. आपल्याकडचे अर्ज क्लबाच्या स्थापनेपासून सुरू होतात आणि त्याच मुद्द्यावर परत येतात, म्हणून दोन प्रश्नांचे दोन अर्ज करा.

मास्टर प्लॅनमध्ये हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. जागा खासगी असेल आणि सार्वजनिक वापरासाठी दाखवल्यानंतर पाच वर्षांत ती घेतली नाही किंवा भूसंपादन सुरू झालं नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ते आरक्षण संपतं. कितीतरी मैदानं अशी कुणाला न कळता गेली आहेत. प्लॅन प्रसिद्ध झाल्याची तारीख क्लबाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

अकरा महिन्यांच्या करारावर गॅलरीची एक वीटही रचू नका. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो, आणि तीस वर्षांच्या पट्ट्याखेरीज कुठलाही मोठा देणगीदार हात सैल सोडत नाही, सोडूही नये. गॅलरीखाली गाळे काढून भाडं खायची कल्पना सगळ्यांना सुचते. क्रीडांगणाच्या जागेवर ते गाळेच हरकत घेणाऱ्याच्या हातात पहिलं कोलीत देतात. आमच्या मते ती टाळलेलीच बरी.

प्रश्न : हे सगळं आपल्याकडेच होतं का? युरोपात क्लबांना पैसा आहे, शिस्त आहे. तिथे मैदान पटकन होत असेल ना? (खानापूर)

उत्तर : इंग्लंडमधल्या ब्रायटन अँड होव अल्बियन या क्लबाचं उदाहरण घ्या. आज तो प्रीमियर लीगमध्ये खेळतो. १९९५ मध्ये त्याच्या संचालकांनी क्लबाचं जुनं घर, गोल्डस्टोन ग्राउंड, बांधकाम व्यावसायिकांना विकलं. दुसरी जागा हातात नसताना. तत्पूर्वी क्लबाच्या नियमावलीतलं एक कलमही गुपचूप निघालं होतं, मालमत्ता विकून भागधारकांनी नफा खाऊ नये असं सांगणारं. समर्थकांना ते उशिरा कळलं. २६ एप्रिल १९९७ ला डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध तिथे शेवटचा सामना झाला. मग दोन हंगाम 'घरचे' सामने जिलिंगहॅमला, सुमारे ७० मैलांवर. बेळगावच्या क्लबाने दर पंधरवड्याला घरचा सामना खेळायला कोल्हापूर गाठावं, अंतर जवळजवळ तेवढंच.

१९९९ मध्ये ते शहरात परतले, पण विदडीन नावाच्या ॲथलेटिक्सच्या मैदानावर. मध्ये धावपट्टी, तात्पुरत्या गॅलऱ्या, बऱ्याचशा बिनछपराच्या. 'दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे' म्हणून गेले आणि १२ वर्षं राहिले.

नवी जागा शहराच्या कडेला फाल्मरला, विद्यापीठाच्या आणि रेल्वे स्टेशनच्या शेजारी ठरली होती. पण ती निसर्गरम्य टेकड्यांच्या संरक्षित पट्ट्याला लागून. शेजारच्या लुईस जिल्हा कौन्सिलने विरोध केला. सार्वजनिक चौकशा झाल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी परवानगी दिली, लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. आणि मग निर्णयाच्या पत्रात एक चूक सापडली. जागा शहराच्या बांधीव हद्दीत आहे असं त्यात गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात तिचा काही भाग त्या रेषेबाहेर होता. लुईस कौन्सिल न्यायालयात गेलं, सरकारने चूक कबूल केली, २००६ मध्ये परवानगी रद्द झाली. नव्याने निर्णय व्हायला जुलै २००७ उजाडलं. तो तेव्हाच्या मंत्री हेझल ब्लीअर्स यांनी दिला. काम डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालं आणि २०११ मध्ये स्टेडियम उघडलं. लीगमधला पहिला सामना ६ ऑगस्टला झाला, पुन्हा डॉनकास्टरशीच.

पैसा मुख्यतः टोनी ब्लूम या जन्मजात समर्थकाचा, पण तो शेवटी आला. त्याआधीची दहा-बारा वर्षं हद्दीच्या रेषेवर आणि जाण्यायेण्याच्या प्रश्नावर गेली. हरकती कमी व्हाव्यात म्हणून क्लबाने सामन्याच्या तिकिटातच बस आणि रेल्वेचा प्रवास धरला. आपल्याकडे हरकत घेणारे शेजारी आवाजाबद्दल कमी आणि दारापुढे लागणाऱ्या दुचाकींबद्दल जास्त बोलतात, त्यामुळे हा मुद्दा उचलण्यासारखा आहे.

लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबाचं तर आणखी लांब. नव्या मैदानाची किंग्ज डॉकची योजना पैशाअभावी २००३ मध्ये बुडाली, कर्बीची सरकारने २००९ मध्ये फेटाळली, वॉल्टन हॉल पार्कची २०१६ मध्ये सोडून दिली. ब्रॅमली-मूर गोदीच्या जागेला २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८९२ पासूनचं गुडिसन पार्क सोडून पुरुषांचा संघ २०२५ मध्ये नव्या मैदानावर गेला.

तेव्हा ब्रायटनसारखं होऊ नये म्हणून तुमच्या क्लबाच्या नियमावलीत आजच एक कलम घाला : स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण ठेवायची तर सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतं लागतील, आणि क्लब विसर्जित झाला तर मालमत्ता अशाच दुसऱ्या क्रीडासंस्थेकडे जाईल.

प्रश्न : गावाने अडीच एकर जागा दिली आहे. पण ती काळी रानाची, पावसात गुडघाभर चिखल. मुरूम टाकून रोलर फिरवला तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. भराव किती आणि कसा टाकावा? (येळ्ळूर)

उत्तर : मुरूम वरून टाकलात, काळी माती तशीच खाली राहिली. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. वरचा मुरूम त्या भेगांत उतरतो आणि चिखल वर येतो. कितीही रोलर फिरवा, खालची माती हलतच राहणार.

मोजमाप असं. खेळाची चौकट १०५ बाय ६८ मीटर. भोवतीची मोकळी पट्टी धरून १२० बाय ८० मीटरची सपाटी करा. ती ९,६०० चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ ९५ गुंठे. अडीच एकरात मैदान बसतं, गॅलरी बसत नाही. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी एका गोलकीपरच्या डोळ्यात सूर्य.

काळी माती निदान ४५ सेंटीमीटर काढा. ती ४,३२० घनमीटर भरते, ब्रासात (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) सुमारे १,५२५. फेकून देऊ नका. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात ही माती शेतकरी स्वतःच्या ट्रॉलीने उचलून नेतात आणि तुमचा वाहतुकीचा खर्च वाचतो. गॅलरीच्या भरावाला मात्र ती वापरू नका, पायऱ्या फुटतील.

मोकळ्या झालेल्या तळावर जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड, त्यावर २० सेंटीमीटर मुरूम, त्यावर २५ सेंटीमीटर वाळूचा थर. मुरूम दाबून ६८० ब्रास लागतो, म्हणून सुटा मागवताना पाचवा हिस्सा जास्त धरा. वाळू सुमारे ८५० ब्रास, चार ब्रासच्या टिपरने दोनशेवर खेपा. इथेच अंदाजपत्रक कोसळतं आणि मग कुणीतरी सुचवतं की क्रशरची बारीक पूड घालू, स्वस्त पडते. ती घालू नका. पूड पाण्याने बसली की सिमेंटच्या कोब्यासारखी होते आणि पाणी वरच थांबतं. एम-सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्यायची तर धुतलेलीच.

तपासायची रीत सोपी आहे. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. मिनिटभर जोरात हलवा आणि सपाट फळीवर ठेवा. दोन-तीन तासांनी खाली वाळू बसते, तिच्यावर गाळाचा गुळगुळीत पट्टा दिसतो. वाळूचा थर दहा सेंटीमीटर असेल तर पट्टा अर्ध्या सेंटीमीटरच्या आत हवा. त्याहून जाड दिसला तर टिपर परत पाठवा. ही बाटली पहिल्याच खेपेला नव्हे, दर दहाव्या खेपेला भरा. पहिली खेप नेहमीच चांगली असते.

आता नळ्या. १०० मिलिमीटरच्या छिद्रांच्या पाइपच्या ओळी दर ६ मीटरवर आडव्या टाका, मध्यातून दोन्ही बाजूंना उतार देऊन. १२० मीटर लांबीत २१ ओळी बसतात, प्रत्येकी ८० मीटर, एकूण १,६८० मीटर. चर ६० सेंटीमीटर खोल, पाइपभोवती २० मिलिमीटरची खडी. उतार दोनशेस एक. दोन्ही बाजूंना १६० मिलिमीटरचा मुख्य पाइप, अडीचशेस एक उताराने. वरच्या पृष्ठभागालाही मध्यापासून कडेकडे एक टक्क्याच्या आत उतार ठेवा. साइडलाइनपर्यंत ३० सेंटीमीटरचा फरक पडतो, खेळताना जाणवत नाही.

आता बेरीज करा. चर ६०, चाळीस मीटरच्या ओळीचा उतार २०, मुख्य पाइपचा ४८ सेंटीमीटर. म्हणजे पाणी बाहेर पडण्याचं तोंड मैदानाच्या पातळीपासून सुमारे १.३ मीटर खाली येतं. तुमच्या शिवारात जुलैमध्ये बळ्ळारी नाला तुंबतो, पाणी शेतात पसरतं. नाल्याचं पुराचं पाणी या तोंडापेक्षा वर चढत असेल तर तुमची नळी पाणी बाहेर न्यायची सोडून आत आणेल. त्यामुळे खड्डा खणण्याआधी पुराची खूण शोधा. बांधावरच्या झाडांच्या खोडावर गाळाची रेघ असते, शेतकरी ती बोटाने दाखवतात. तिथून डम्पी लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) पातळी घ्या. फरक कमी पडला तर सगळं मैदानच तेवढं उचला, आणि तोंडाला झडपेचं झाकण बसवा.

गवत हरळीचं. देवाला दूर्वा म्हणून वाहतो तेच. बाहेरून महाग संकरित जात आणली तरी तीही हरळीच्याच कुळातली. मातीकाम एप्रिलअखेर संपवा, मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन-तीन इंचांचे तुकडे अर्ध्या-अर्ध्या फुटावर लावा आणि पाऊस येईपर्यंत टँकरने भिजवा. मुळं जुलैच्या झोडपणाऱ्या पावसाआधी धरली पाहिजेत. जुलैतच लावलंत तर वाळूसकट वाहून जातं. दिवाळीपर्यंत मैदानावर कुणाला सोडू नका, अगदी सरपंचांच्या चिरंजीवांनाही.

उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तर ४८,००० लिटर होतं, पाच हजारांचे जवळपास दहा टँकर. बोअर आणि टाकीची सोय नसेल तर हिरव्या मैदानाचा हट्ट धरू नका. चांगलं निचऱ्याचं मातीचं मैदान सुकलेल्या हरळीपेक्षा बरं.

प्रश्न : मग कृत्रिम टर्फच का घालू नये? पाणी नको, कापणी नको. (चिकोडी)

उत्तर : पाणी लागतंच. एप्रिलच्या दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतो आणि सामन्याआधी तो भिजवावा लागतो. कापणीऐवजी ब्रश फिरवून रबराची दाणी सारखी करावी लागतात. साधारण आठ-दहा वर्षांत गालिचा बदलावा लागतो आणि तेव्हाचा खर्च कुणीच आज बाजूला ठेवत नाही. 'फिफाप्रमाणित' या शब्दावरही जाऊ नका. प्रमाणपत्र कारखान्याच्या गालिच्याला नसतं, तुमच्या जागेवर घातलेल्या मैदानाच्या चाचणीला असतं. 'क्वालिटी प्रो' दर्जाचं एक वर्ष चालतं, 'क्वालिटी'चं तीन. युरोपीय संघाने तर २०२३ मध्ये रबर दाण्यांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंदी ठरवली आहे. रोज सकाळपासून रात्रीपर्यंत पाच-सहा संघ खेळणार असतील तरच टर्फ परवडतं. आठवड्याला तीन-चार सामन्यांसाठी हरळी पुरते.

प्रश्न : अधिकारी म्हणतात, धावपट्टीसह 'बहुउद्देशीय' स्टेडियम करा, निधी लगेच मिळेल. घ्यावं का? (हिंडलगा)

उत्तर : आठ लेनची ४०० मीटरची धावपट्टी बाहेरून सुमारे १७७ बाय ९२.५ मीटर जागा खाते, गॅलरीआधीच चार एकर. आतल्या अंडाकृतीत १०५ बाय ६८ ची चौकट बसते, पण कॉर्नरचे झेंडे धावपट्टीच्या कडेपासून जेमतेम मीटरभरावर येतात. घसरलेला विंगर थेट कठड्यावर. गोलमागचा प्रेक्षक गोललाइनपासून ३६ मीटर लांब. आणि भालाफेक, गोळाफेक व फुटबॉलचा सराव एकाच वेळी होत नाही. बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर धावपटू आणि फुटबॉल क्लब यांच्यातला वेळेचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

तरीही नाही म्हणू नका. दुसरं मैदान मिळत नसेल तर घ्या. फक्त मंजुरीच्या आदेशातच दोन्ही खेळांचे वार आणि तास लिहून घ्या. तोंडी समजूत पुढच्या बदलीपर्यंतच टिकते.

प्रश्न : आमचे खेळाडू निपाणीचे, पण नोंदणी आणि सामने कोल्हापुरात. कर्नाटकातली जागा मिळेल का? (निपाणी)

उत्तर : सरकारी जागा मिळवायची तर इथल्या जिल्ह्यात, १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था हवी. निदान सात सभासद लागतात. कोल्हापुरातली संस्था बंद करण्याचं कारण नाही. पण फुटबॉलची संलग्नता राज्यवार चालते. इकडे कर्नाटक राज्य फुटबॉल संघटना, तिकडे महाराष्ट्रासाठी विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन). एक खेळाडू दोन्हीकडे नोंदवून ठेवता येत नाही.

नावाची काळजी घ्या. सीमाभागात एकच संस्था कन्नडमध्ये एका स्पेलिंगने, मराठीत दुसऱ्या आणि इंग्रजीत तिसऱ्या स्पेलिंगने नोंदलेली असते. कुणी 'तरुण' लिहितो, कुणी 'युवक'. बँक आणि उपनिबंधक दोघंही अडवतात. पहिल्याच ठरावात तिन्ही लिप्यांतलं नाव अक्षरशः लिहून मंजूर करा आणि त्याची प्रत प्रत्येक अर्जाला जोडा. अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागला तर सभासदांसाठी मराठी प्रत इतिवृत्तात चिकटवा. कशावर सही केली हे न कळल्यानेच पुढे भांडणं होतात. स्टेडियमच्या फलकावर साठ टक्के कन्नडचा नियम आहे, तो पाळूनही खाली मराठीला जागा उरते.

प्रश्न : तीन हजार लोकांची गॅलरी बांधतोय. दारं किती ठेवावीत? कंत्राटदार म्हणतो, एक मोठं फाटक पुरे. (वडगाव)

उत्तर : एक फाटक मुळीच पुरे नाही. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या फाटकांवर ११ जण चेंगरून मेले. आत खेळ चालू नव्हता, फक्त विजयोत्सव होता.

हिशेब असा मांडतात. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात, जिन्यावरून ६६. आठ मिनिटांत गॅलरी रिकामी व्हायला हवी. म्हणजे जिन्यांची एकूण रुंदी ३,००० भागिले ५२८, सुमारे ५.७ मीटर. सव्वा मीटरचे पाच जिने ठेवा. फाटकांना ४.६ मीटर पुरतं, पण त्यातलं एक बंद पडलं असं धरूनच मोजा. म्हणून १.८ मीटरची चार, चार वेगळ्या बाजूंना नाही जमली तरी दोन बाजूंना. दारं बाहेर उघडणारी. सरकती नकोत, आत उघडणारी तर नकोतच. पायरीवर साचलेली गर्दी ढकलते आणि दार बंदच राहतं.

आणखी एक. फुकट्यांना रोखायला तीन दारांना कुलूप लावून चौथ्यावर तिकीट बघायची आपली पद्धत आहे. कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात तो नेमका चहाला गेलेला असतो. सामना चालू असेपर्यंत प्रत्येक दाराशी एक माणूस, आणि कुलूपच नको, आतून उचलायचा अडसर.

बसायला माणशी ५० सेंटीमीटर धरा. शंभर मीटरच्या बाजूला साधारण १६ रांगा लागतात, जिन्यांची जागा सोडून. रांगेची खोली ७५ ते ८०, चढ ३० ते ३५ सेंटीमीटर. पहिली रांग जमिनीलगत ठेवली तर साइडलाइनवर उभ्या राहिलेल्या राखीव खेळाडूंमुळे दिसत नाही. ती निदान मीटरभर उचला. मुख्य गॅलरी पश्चिमेला, म्हणजे उतरतं ऊन पाठीवर.

प्रश्न : रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे किती? (टिळकवाडी)

उत्तर : सरावाला ७५ ते १०० लक्स (जमिनीवर पडणारा उजेड मोजायचं एकक) पुरे, स्थानिक स्पर्धेला २००. १२० बाय ८० मीटरवर २०० लक्स पाडायला साधारण ४० किलोवॅटचे चांगले एलईडी लागतात. तीन तासांच्या सामन्याला १२० युनिट. खांब १८-२० मीटरचे सहा. चारावर भागवायचं तर ते अधिक उंच लागतात, नाहीतर गोलकीपरला चेंडूऐवजी दिवाच दिसतो. हेस्कॉमकडे (वीज कंपनीकडे) मंजूर भार जेवढा, तेवढा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो, मग दिवे लावा न लावा. वर्षातून एकच स्पर्धा रात्री होत असेल तर तात्पुरती जोडणी घ्या. काळ्या रानात खांबाचा पाया माती-परीक्षणाशिवाय घालू नका.

प्रश्न : आमच्या मैदानावर लग्नाचे मांडव आणि सभा होतात. नंतर गवत मरतं. (शहापूर)

उत्तर : मांडवाचं भाडं बंद करा असं आम्ही म्हणालो तर तुम्ही ऐकणार नाही, क्लबाचा वर्षाचा खर्च त्यावरच निघतो. निदान मांडव खेळाच्या चौकटीबाहेर घाला. खांबांची भोकं मुरमाने बुजवू नका, तिथे पाणी साचून वाटीएवढी डबकी होतात. जी वाळू मैदानात आहे तीच भरा. काढल्यावर खिळे राहतात. गॅरेजमध्ये मिळणारं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक चार-पाच जोडून पट्टीवर बसवा आणि दोरीने सगळीकडे ओढा. अनामत रक्कम चुंबक फिरवून झाल्यावरच परत द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या मैदानावर रेषा मारायचं काम आमच्याकडे आहे. चौकट नेहमी तिरकी येते. (सांबरा)

उत्तर : कोपऱ्यातून एका बाजूला ३० मीटर आणि दुसऱ्या बाजूला ४० मीटर मोजून खुंट्या ठोका. दोन खुंट्यांमध्ये बरोबर ५० मीटर आलं की कोपरा काटकोनात. चारही कोपरे झाले की कर्ण मोजा. १०५ बाय ६८ च्या मैदानात दोन्ही कर्ण १२५.१ मीटर यायला हवेत. शाळेचं मैदान लहान असेल तर आकडा वेगळा येईल, पण दोन्ही कर्ण सारखे हवेत. फरक हातभर असेल तर दोरी सैल होती, पुन्हा ताणा.

कळीचा चुना किंवा भिजवलेला चुना वापरू नका. पावसात ओला झाला की घसरलेल्या मुलाच्या गुडघ्याला आणि डोळ्यांना भाजतो. खडूची पांढरी पावडर मागा. दुकानदार 'एकच आहे' म्हणेल. चिमूटभर पत्र्याच्या झाकणात घेऊन पाण्याचा थेंब टाका, झाकण बाहेरून गरम लागलं तर घेऊ नका. भिजवलेला चुना मात्र गरम लागत नाही, म्हणून पोत्यावर काय छापलं आहे तेही सरांना दाखवा.